दोनशे चौदा सह्या

सप्टेंबर. नदी ओलांडणाऱ्या तराफ्यावर एका म्हाताऱ्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. चष्मा घरी राहिला होता. अक्षरं ओळ सोडून वर चढली.

—

गुरुवार. कँटीनमध्ये बीटचं सूप आणि पिरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या. पिरोगी संपल्याची पाटी पावणेबारालाच लागली.

—

सभागृहात कुणाच्याही डेस्कला कुलूप नाही. सन्माननीय सदस्य एकमेकांच्या वस्तूंना हात लावत नाहीत, असं धरून चालायचं.

—

दाराशी मेज. मेजावर दोऱ्याला बांधलेलं पेन. आत शंभर माणसं जेवतायत आणि कुणीच मोठ्याने बोलत नाहीये.

—

वेळ टळून गेलेलं काम करायचं तर सगळ्यांची संमती लागते. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. एक ‘नाही’ पुरतो.

—

१:४१. टेबलाचा माइक. टक्. धातूचा आवाज.

—

पाऊण इंची खडी, ४१२ टन.

१:५८

“विनंती अर्ज,” अध्यक्ष म्हणाले.

मॅव्हिस हालडॉर्सनने एकतीस नंबरचा माइक उघडला. प्रांताच्या विधानसभेत कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसायचं, ज्याची पाळी त्याचा माइक उघडायचा, आणि कोण काय बोललं याची नोंद करायची, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. आमदारांना ती चेहऱ्याआधी खोकल्यावरून ओळखायची.

एकतीस नंबर म्हणजे ग्लेन देजार्ले. विरोधी पक्ष, शेवटचा बाक. त्याने डेस्कमधून जाड पिवळा लिफाफा काढला, आतले कागद अर्धे बाहेर ओढले आणि तिथेच थांबला.

अकरा सेकंद. मॅव्हिसने मोजले. चालू माइकवर अकरा सेकंद म्हणजे फार झाले.

“अध्यक्ष महोदय,” तो शेवटी म्हणाला, “माझ्याकडे… आत्ता काही नाही.”

“नेहमीसारखंच!” समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, आणि अर्जांची वेळ संपली.

वर प्रेक्षक गॅलरीत निळ्या कोटातली एक म्हातारी उठून उभी राहिली होती. रक्षकाने तिला हाताने खाली बसायची खूण केली. ती बसेना.

मॅव्हिसला ती कोण ते माहीत होतं. सकाळी लिफ्टमध्ये दोघीच होत्या. ओल्हा ह्रिसाक, वय एकोणऐंशी, पहाटे चारला घरून निघालेली. “तू लिहून घेणारी का गं?” तिने विचारलं होतं. “मग माझा अर्ज तुझ्या कागदात येईल ना?”

“एक शब्द गाळणार नाही,” मॅव्हिस म्हणाली होती.

२:०५

माइकपाशी अर्ध्या तासाची पाळी असते. मॅव्हिसची संपली. पुढची साडेचारला. पाचला नायब राज्यपाल येणार, विधेयकांवर मान डोलवणार, आणि सभागृह ऑक्टोबरपर्यंत उठणार. म्हणजे तीन तास.

बाहेरच्या दालनात देजार्ले लिफाफा उलटा करून झटकत होता, जणू सह्या तळाशी चिकटल्या असतील.

“सकाळी होत्या मॅव्हिस! सव्वाअकराला सचिवांनी तपासून शिक्का मारला. बावीस पानं, दोनशे चौदा सह्या, वर ह्रिसाकबाईंचा तो गंजका चिमटा. मी स्वतः डेस्कमध्ये ठेवलं.”

“किती वाजता?”

“बारा-सव्वाबारा. आणि आता बघा, ही रद्दी.”

मॅव्हिसने रद्दी घेतली. आकड्यांचे तक्तेच तक्ते. वर मथळा नाही, खाली फक्त पानांचे नंबर, एकसष्ट ते ब्याऐंशी. खडी. मुरूम. मोऱ्यांचे पाइप. पानं बरोब्बर बावीस.

“विसरून दुसरीकडे ठेवलं असेल,” मागून आवाज आला. ओल्हा ह्रिसाक जिना उतरून आली होती, रक्षकाला न जुमानता. “मत मागायला आला होता तेव्हा टोपीही आमच्याकडे विसरून गेला होता हा.”

“बाई, मी शपथेवर सांगतो—”

“शपथा आत घे. तिथे लिहून घेतात.” मग ती मॅव्हिसकडे वळली. तिचा आवाज उतरला. “पोरी, आमचा गाड्या नेणारा तराफा दोराला धरून नदी ओलांडतो. जुलैत तो दोर कापणार आहेत. माझा नवरा पलीकडच्या काठावर आहे, म्हाताऱ्यांच्या घरात. मी रोज जाते, त्याला दुपारचं भरवते. तराफ्याने वीस मिनिटं. पुलावरून जायचं तर शहाण्णव किलोमीटर. मी हायवेला गाडी घालत नाही, या वयात घालणारही नाही. अर्ज सभागृहात आला तर उत्तर दिल्याशिवाय दोराला हात लावणार नाही, असं खात्याने लिहून दिलंय. अर्ज आलाच नाही, तर…”

तिने कोटाची गुंडी लावलेली असूनही पुन्हा लावली.

२:३०

सभागृहाच्या दारावरच्या रक्षकाकडे मॅव्हिस गेली. शाळेची सहल साडेबाराला गेली, त्यानंतर दीडपर्यंत आत कोण कोण आलं?

“तिघं. सचिव राजदंडाची जागा पुसून घ्यायला. प्रतोदबाई. आणि रस्तेवाले मंत्री.”

“काही घेऊन आले, घेऊन गेले?”

“सगळ्यांच्या हातात कागदच असतात हो इथे. भाकरी दिसली असती तर लक्षात राहिली असती.”

सचिवांना तिने मनातल्या मनात वगळलं. ज्यांनी सकाळीच शिक्का मारला, त्यांना अर्ज अडवायचा असता तर शिक्काच मारला नसता.

राहिले दोघे. त्यातली एक सरकारी पक्षाची प्रतोद व्हर्ना टेव्ज. स्वतःच्या आमदारांना ती मतदानासाठी न्हाव्याच्या खुर्चीवरून उचलून आणायची. एकदा अर्धी दाढी झालेला आमदार मॅव्हिसने स्वतः पाहिला होता.

२:४५

“मी चोरला?” टेव्जबाई खदखदून हसल्या. टेबलावर मतदानाच्या याद्या, यादीवर सँडविच. “मॅव्हिस, या अधिवेशनात किती अर्ज आले?”

“एकशे सहा.”

“त्यातल्या एकाने तरी माझी झोप उडवली? अर्ज येतो, आम्ही ‘विचार करू’ असं उत्तर देतो, कपाटात जातो. चोरायची तसदी कोण घेईल? आणि तुमचा देजार्ले आता परत वेळ मागायला उभा राहिला ना, तर मी बसल्या जागेवरून ‘नाही’ म्हणेन. एक शब्द. चोरीपेक्षा स्वस्त.”

“म्हणाल?”

“म्हणजे काय! पाचच्या आत सगळं उरकायचंय. एकाला वाट दिली की दहा घुसतात.” मग त्यांनी जरा निरखून पाहिलं. “तू कशाला यात? तुला मत नसतं. पंचवीस वर्षांत तुझं मत मला कळलेलं नाही, म्हणून तर तू मला आवडतेस.”

“सव्वीस,” मॅव्हिस म्हणाली आणि निघाली.

जिन्यात तिचा पाय थांबला. टेव्जबाई बोलल्या ते खरंच होतं. अर्जाला इथे कुणी घाबरत नाही.

मग कुणीतरी घाबरलं होतं, ते कशाला?

३:१०

कँटीनमध्ये ओल्हा ह्रिसाक सुपाच्या वाटीसमोर बसली होती. चमचा कोरडा.

“बीट उकडलंय, शिजवलेलं नाही,” ती म्हणाली. “आणि बडीशेप कुठेय?”

“ह्रिसाकबाई, सह्या तुम्ही कशा घेतल्या? घरोघरी?”

“नाही गं, पाय कुठे आहेत तेवढे. सप्टेंबरपासून कागद तराफ्यावर ठेवला. चर्चमध्ये ठेवला. गावच्या हॉलमध्ये दाराशी मेजावर, पेन दोऱ्याला बांधून. जो आत येईल तो करेल. लग्नं, बिंगो, मयताची जेवणं.”

“मयताची?”

“ऑक्टोबरात दोन झाली. एक त्या वुइट्झबाईचं, आणि एक स्टेफान काशूबाचं. स्टेफानला तर अख्खा तालुका लोटला होता. त्या दिवशी मेजावर जागा नव्हती. एका बाजूला माझे कागद, शेजारी भेटीला आलेल्यांची वही. लोक दारातून आत येताना रडत होते, करत होते सही. त्या एका दिवसात सात पानं भरली.”

मॅव्हिसने वाटी बाजूला सरकवली.

“स्टेफान काशूबा. म्हणजे मंत्र्यांचे—”

“वडील. लॉर्न आला होता की. बिचारा, डोळे सुजलेले. दारात दोनशे जणांशी हात मिळवले त्याने. माझ्याशी दोनदा मिळवला, ओळखलंच नाही.” ओल्हाने मान हलवली. “आता तोच दोर कापतोय. पण त्या दिवशी मात्र मला त्याची दया आली, खरं सांगते.”

“त्याने वहीत सही केली?”

“केली असेल. मी काय बघत बसले होते? मी बटाटे वाढत होते.”

३:३०

मॅव्हिस वरच्या मजल्यावर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली, कानांवर हेडफोन चढवले आणि १:४१ वर टेप नेली.

मंत्र्यांनी आपापले अहवाल पटलावर ठेवायची वेळ. रस्ते खात्याचा वार्षिक अहवाल. छापील प्रती नंतर येतात. पटलावर जाते ती पुठ्ठ्यात घातलेली, फितीने बांधलेली सुटी पानं. लॉर्न काशूबा अकरा वर्षं आमदार, चार वर्षं मंत्री. दर वर्षी तो अहवाल सेवकाच्या हाती पाठवायचा आणि बसल्या जागी जांभई द्यायचा. आज तो उठून, दोन्ही हातांत धरून, स्वतः टेबलापर्यंत गेला होता.

टेपवर त्याची पावलं. मग फाइल खाली ठेवल्याचा आवाज. धप्प नव्हे.

टक्.

तिने पुन्हा ऐकलं. पुठ्ठा वाजत नाही. फीत वाजत नाही.

खडीची बावीस पानं लिफाफ्यात. मग ती अहवालातून गेलेली. तरी अहवाल दोन्ही हातांनी धरावा इतका जाड. आणि त्यात लोखंड.

अर्जाला कुणी घाबरत नाही. पण अर्जातल्या एका नावाला, ज्याचं ते नाव आहे तो घाबरू शकतो.

३:५०

मागच्या जिन्यातल्या खिडकीशी लॉर्न काशूबा उभा होता. खाली हिरवळीवर बदकं माळ्याच्या अंगावर धावून जात होती. तो बघत होता आणि बघतही नव्हता.

“मंत्रीसाहेब.”

“मॅव्हिस! पाळी संपली?”

“साडेचारला परत. तुमच्या अहवालात खडीचे तक्ते आहेत ना? पान एकसष्ट ते ब्याऐंशी?”

“असतील.”

“नाहीत. ते माझ्या हातात आहेत.”

तो वळला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पण त्या क्षणी दारात हात मिळवत उभा असलेला तो मुलगा मॅव्हिसला दिसला.

“देजार्लेने डिवचलं मला,” तो म्हणाला. “कँटीनच्या रांगेत. ‘तुमच्या गावची दोनशे चौदा माणसं आणलीत, बघा कुणी ओळखीचं सापडतंय का.’ हसून म्हणाला. तो वाईट नाही. मी अहवाल माझ्या डेस्कात ठेवायला गेलो, आत कुणी नव्हतं, त्याचं डेस्क उघडलं, लिफाफा दिसला. म्हटलं आत्याचं नाव असेल. गावचं अक्षर बघावंसं वाटलं, एवढंच.”

“आणि तुमचं सापडलं.”

“त्रेसष्ट नंबर. ‘लॉर्न काशूबा.’ आणि पत्त्याच्या रकान्यात काय लिहिलंय माहितीये? ‘स्टेफानचा मुलगा.’ मला वाटलं ती भेटीची वही आहे. कोण वाचतो गं त्या दिवशी वरचा मजकूर? दाराशी वही असते, आपण सही करतो. आमच्याकडे मयताला असंच करतात.” तो कोरडं हसला. “आपल्याच हुकुमाविरुद्ध अर्ज करणारा मंत्री. संध्याकाळपर्यंत सगळ्या रेडिओवर. हातात अहवाल होता. तेवढी पानं काढली, लिफाफ्यात घातली, अर्ज घेऊन निघालो. विचार केलाच नाही.”

“तुमच्या ऑफिसात कागद कापायचं मशीन आहे.”

“गेलो ना मशीनपाशी. चालूही केलं. पहिलंच पान वर होतं.”

“मग?”

तो पुन्हा बदकांकडे बघू लागला.

“नाही जमलं.”

मॅव्हिसने हातातली खडीची पानं सरळ केली.

“म्हणून पटलावर ठेवलं,” ती म्हणाली.

“रस्ते खात्याचा अहवाल कधी कुणी उघडलेला पाहिलायस? मी स्वतः पूर्ण वाचलेला नाही. म्हटलं, तिथे सुरक्षित राहील. आणि एकदा पटलावर गेलं की कुणाच्या बापाला काढता येत नाही. मलाही नाही.” त्याने कपाळ चोळलं. “बहुतेक म्हणूनच ठेवलं. माझ्यावर माझाच भरवसा नव्हता. आता काय करणार आहेस?”

“मी कर्मचारी आहे. मला मत नाही. ही बावीस पानं सापडली, ती अहवालातली दिसतात, जागच्या जागी लावा, एवढंच मी देजार्लेसाहेबांना सांगणार. पटलावरचा कागद कुणाही सदस्याला मागून बघता येतो. गॅलरीत एक बाई बसल्यात. त्यांचा नवरा पलीकडच्या काठावर आहे. त्या आज सूपही प्यायल्या नाहीत.”

“ह्रिसाकबाई,” तो म्हणाला. “त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात तीनदा बटाटे वाढले. मी ओळखलं होतं त्यांना. बोलता आलं नाही.”

४:३७

मॅव्हिस जागेवर होती. सचिवांच्या टेबलावर रस्ते खात्याची फाइल, फीत सुटलेली. (“तेवीस वर्षांत हा अहवाल मागणारे तुम्ही पहिलेच,” सचिव देजार्लेला म्हणाले होते.) फाइलवर गंजका चिमटा.

देजार्ले उभा राहिला. तिने एकतीस उघडला.

“अध्यक्ष महोदय, अर्ज सादर करण्याच्या विषयाकडे परत जाण्यासाठी मी सभागृहाची संमती मागतो. कागद चुकून दुसऱ्या कागदांत गेले होते. ते पटलावरच आहेत.”

त्याच्या हातात पानं येऊन गेली होती. त्रेसष्ट नंबर त्याने पाहिला होता की नाही, ते त्याच्या आवाजावरून कळत नव्हतं. आणि मॅव्हिसला आवाजावरून बहुतेक सगळं कळायचं.

“संमती आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

व्हर्ना टेव्ज मागच्या बाकावर होत्या. त्यांनी डोकं वर केलं, हातातलं पेन खाली ठेवलं आणि तोंड उघडलं.

पुढच्या बाकावर लॉर्न काशूबा उठला आणि मागे वळला. अध्यक्षांकडे पाठ करून उभं राहायचं नसतं. शाळेच्या सहलीतल्या पोरांनाही हे सांगतात. तो तसाच, प्रतोदबाईंकडे तोंड करून म्हणाला,

“मान्य आहे.”

टेव्जबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तोंड मिटलं आणि पेन उचललं.

“संमती आहे,” अध्यक्ष म्हणाले.

देजार्लेने अर्ज वाचला. नावं वाचायची नसतात, फक्त मागणी आणि आकडा. “खाली सही करणारे आम्ही दोनशे चौदा रहिवासी नम्र विनंती करतो की, नदीवरचा तराफा चालू ठेवावा.” तो बसला. एवढ्यावर संपलं असतं.

बारा नंबरचा दिवा लागला. काशूबा.

“अध्यक्ष महोदय, एक खुलासा. त्या अर्जावर त्रेसष्ट नंबरची सही माझी आहे. वडिलांच्या मयताच्या जेवणात, भेटीची वही समजून मी ती केली. मजकूर आज वाचला.” बाकांवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी “राजीनामा!” म्हणालं, पण निम्म्या आवाजात. “ते कागद माझ्या अहवालात कसे गेले, ते मी तुम्हाला आजच लेखी कळवतो. त्याचं जे व्हायचं ते होईल. मला एवढंच सांगायचंय की, ती सही खोडावी अशी माझी मागणी नाही.”

तो बसला. मॅव्हिसने माइक बंद करायला हवा होता. तिने चार सेकंद उशीर केला, त्यामुळे टेपवर मागच्या बाकावरून हळूच आलेला टेव्जबाईंचा आवाजही आहे. “गाढव आहेस तू, लॉर्न.” आणि मग, “पाणी पी.”

वर गॅलरीत ओल्हा ह्रिसाक पुन्हा उभी राहिली होती. या वेळी रक्षकाने खूण केली नाही.

५:२०

दालनात कोटांची गर्दी. ओल्हाने मॅव्हिसला बाहीने धरलं.

“आलं ना सगळं तुझ्या कागदात?”

“सगळं. गाढव सोडून.”

“तेही घालायचं. प्रेमाने म्हणाली ती.” ओल्हाने पिशवीतून कागदात गुंडाळलेला खसखशीचा रोल काढला, अर्धा मॅव्हिसच्या हातात कोंबला, उरलेला परत गुंडाळला. “हा त्याला दे. स्टेफानच्या पोराला. सांग, उद्या दुपारी तराफ्यावर असते मी. पुढच्या वेळी ओळख दाखव म्हणावं.”

—

*नोंद: दस्तऐवज क्र. ४१८. विनंती अर्ज, बावीस पानं, सह्या दोनशे चौदा. सोबत लोखंडी चिमटा एक. सभागृहाच्या ताब्यात.*

—

पहिल्या पानावरची पहिली, ओळ सोडून वर चढलेली सही स्टेफान काशूबाची होती.